पलंग राजाचा, कडी उतारूची

लंडनच्या नैर्ऋत्येला, थेम्सच्या काठी हॅम्प्टन कोर्ट हा राजवाडा आहे. तिसऱ्या विल्यमसाठी बांधलेली तिथली दालनं पाहायला गेलेल्या माणसाला एकापाठोपाठ दोन शेजघरं लागतात. पहिल्यात वेरिओ या इटालियन चित्रकारानं रंगवलेलं छत, भिंतींवर ग्रिन्लिंग गिबन्सचं लाकडी कोरीवकाम, लाल मखमलीचे पडदे सोडलेला उंचच उंच पलंग आणि त्याच्यापुढे कठडा. दुसरं शेजघर त्या मानानं अगदीच बेताचं. राजा झोपायचा तो दुसऱ्यात. पहिल्या पलंगाचं काम वेगळं होतं. तिथे राजाचा पोशाख व्हायचा आणि मोठमोठे उमराव कठड्याबाहेर उभे राहून तो पाहायचे.

अशा दालनांना इंग्रजीत ‘स्टेटरूम’ म्हणतात. इथल्या ‘स्टेट’चा अर्थ राज्य असा घ्यायचा नाही. मराठीत आपण ‘शासकीय इतमामात’ म्हणतो, त्यातला हा इतमाम. गंमत अशी की प्रवासी बोटीवर जी सहा-सात फुटांची झोपायची खोली मिळते, जिच्यात शिरल्यावर दार लावायला अंग चोरावं लागतं, तिलाही इंग्रजीत स्टेटरूमच म्हणतात. राजवाड्यातली ती खोली चारचौघांनी पाहावं म्हणून बांधलेली. बोटीवरची घेतली जाते ती कुणी पाहू नये म्हणून. एकच शब्द या टोकापासून त्या टोकाला कसा गेला, याची हकीकत मोठी रंजक आहे, आणि तिच्यात मुंबईचा धक्का वारंवार येतो.

सुरुवात राजवाड्यापासून करावी लागते. सतराव्या शतकातल्या युरोपात राजाकडे जाणं म्हणजे खोल्यांची एक रांग ओलांडत जाणं होतं. आधी पहारेकऱ्यांची खोली, मग सिंहासनाचं दालन, त्यापुढे आतलं दालन, मग बैठकीची खोली, मग शेजघर. दारं एका रेषेत असत, त्यामुळे पहिल्या दारातून शेवटचं दार दिसे. दिसे, पण तिथपर्यंत पोचणं सगळ्यांच्या नशिबात नसे. ज्याचा मान जितका मोठा तितका तो आत जायचा. कोण कुठल्या उंबऱ्याशी थांबतो यावरून दरबारातली त्याची पत ठरायची. म्हणूनच शेजघर हे सगळ्यांत मानाचं ठिकाण होऊन बसलं.

फ्रान्सच्या चौदाव्या लुईनं या प्रकाराची हद्द गाठली. १७०१ साली त्यानं व्हर्सायच्या राजवाड्यातलं आपलं शेजघर इमारतीच्या अगदी मध्यावर, पूर्वेकडे तोंड करून नेलं. सकाळी साडेआठच्या सुमारास त्याला उठवलं जाई आणि मग उठण्याचा समारंभ चाले. आधी मोजकी माणसं, मग आणखी, मग आणखी. सदरा कुणी द्यायचा, मेणबत्ती कुणी धरायची हे मान होते आणि त्यासाठी भांडणं होत. रात्री झोपण्याचा समारंभही तसाच. याच खोलीत १ सप्टेंबर १७१५ रोजी तो मेला, तेही एकांतात नव्हे. त्याच्या मागून आलेल्या पंधराव्या लुईला ही खोली भारी थंड वाटे. त्यानं १७३८ साली आतल्या बाजूला स्वतःसाठी निराळं शेजघर करून घेतलं. तो तिथे झोपायचा, सकाळी पूर्वजाच्या पलंगापाशी जायचा आणि तिथे ‘उठायचा’. राजाला नाटकातून सुट्टी नव्हती, निदान झोपेपुरता त्यानं पडदा पाडून घेतला.

इंग्रज सरदारांनीही या खोल्यांपायी पाण्यासारखा पैसा ओतला. डर्बीशायरमधल्या चॅट्सवर्थ या आपल्या वाड्यात डेव्हनशायरच्या पहिल्या ड्यूकनं तिसरा विल्यम आणि राणी मेरी कधीतरी मुक्कामाला येतील या आशेवर दालनांची अख्खी रांग बांधली. ती दोघं कधीच आली नाहीत. त्या शेजघरात आज जो पलंग आहे तोही मूळचा तिथला नाही. दुसरा जॉर्ज १७६० साली वारला तेव्हा दरबारी अधिकाराचा हक्क म्हणून तो चौथ्या ड्यूकला मिळाला आणि त्यानं तो घरी आणला.

आपल्याकडच्या वाड्यांतही भरदरबार आणि खलबत यांच्या जागा वेगळ्या असत. शनिवारवाड्यात गणपती रंगमहाल होता आणि आतले लहान महालही होते. फक्त पेशव्यांनी झोपेचा दरबार भरवला नाही, एवढा शहाणपणा त्यांना होता म्हणायचा. पण शब्दांची गत दोन्हीकडे सारखीच झाली. जिथे राज्याचा दिवाण कारभार पाही तो दिवाणखाना. आज दोन खोल्यांच्या फ्लॅटमधल्या दहा बाय बाराच्या खोलीलाही लोक बेधडक दिवाणखाना म्हणतात. इंग्रजांचा ‘स्टेटरूम’ असाच उतरणीला लागला. फरक इतकाच की तो पाण्यात उतरला.

त्याचा जुना पुरावा सॅम्युअल पेपिसच्या रोजनिशीत आहे. १६६० च्या वसंतात हद्दपार दुसऱ्या चार्ल्सला हॉलंडहून परत आणायला इंग्लंडचं आरमार निघालं, तेव्हा पेपिस सेनापती माँटेग्यूचा चिटणीस म्हणून ‘नेझबी’ या जहाजावर होता. २४ एप्रिलला तो ‘लंडन’ या दुसऱ्या जहाजावर जेवायला गेला आणि तिथली स्टेटरूम आपल्यापेक्षा पुष्कळ मोठी, पण तितकी श्रीमंती थाटाची नाही, अशी तुलना करून मोकळा झाला. इथे ही खोली म्हणजे सेनापतीची मानाची खोली. राजवाड्यातल्या दालनाची ती तरंगती प्रत होती. महिनाभरानं राजा जहाजावर आला आणि त्यानं आधी नाव बदललं. नेझबी हे त्याच्या बापाच्या पराभवाचं रणांगण, ते नाव कसं चालावं? जहाजाला त्याचं स्वतःचं नाव मिळालं. सात वर्षांनी डच लोक मेडवे नदीत घुसून हेच ‘रॉयल चार्ल्स’ ओढून घेऊन गेले. त्याच्या पिछाडीवरचं लाकडात कोरलेलं इंग्रजी राजचिन्ह आज ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये टांगलेलं आहे.

पेपिसच्या या नोंदीनं एका लोकप्रिय थापेचाही निकाल लागतो. अमेरिकेत असं सांगतात की मिसिसिपी नदीवरच्या आगबोटींत खोल्यांना ओहायो, केंटकी अशी राज्यांची नावं असत, म्हणून त्या ‘स्टेट’रूम. त्या बोटींवर अधिकाऱ्यांच्या खोल्यांच्या मजल्याला ‘टेक्सास’ म्हणत हे खरं, त्यामुळे गोष्ट पटतेही. पण पेपिसनं शब्द लिहिला तेव्हा अमेरिकेची संस्थानं जन्माला यायला ११६ वर्षं अवकाश होता.

राजाची खोली उतारूची झाली ती पैशाच्या जोरावर. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर प्रवाशाला खोली मिळत नसे, जागा मिळे. कप्तान आणि त्याचे अधिकारी आपापल्या खोल्या भाड्यानं देत आणि मधली कमाई खिशात घालत. बाकीच्यांसाठी तोफांच्या मजल्यावर किलतानाचे पडदे किंवा पातळ फळ्या लावून कप्पे पाडले जात. आत काहीच नसे. पलंग, मेज, खुर्ची, हात धुण्याची घडवंची, सगळं उतारूनं विकत घेऊन आणायचं, हिंदुस्थानात उतरलं की विकून टाकायचं. पिछाडीच्या रुंद खिडक्यांची मोठी खोली किंवा तिच्या वरचं ‘राउंडहाउस’ ही सगळ्यांत महाग. राउंडहाउस बायकांना पसंत असे, कारण तिथे जरा आडोसा होता. मात्र डोक्यावरच्या मजल्यावर कोंबड्यांची खुराडी असत, म्हणजे पहाटेची हमी. आणि लढाईचा प्रसंग आला तर खलाशी येऊन आधी मधल्या भिंतीच काढून टाकत. तोफा चालवायला जागा मोकळी हवी ना. पैसे मोजून घेतलेला एकांत असा पाच-दहा मिनिटांत गुंडाळून बाजूला ठेवला जाई.

अटलांटिकवर हा शब्द स्वस्त झाला. ५ जानेवारी १८१८ रोजी न्यूयॉर्कहून ‘जेम्स मन्रो’ हे जहाज ठरल्या दिवशी निघालं आणि वेळापत्रकानं चालणाऱ्या प्रवासी जहाजांचा जमाना सुरू झाला. ग्राहक ओढायचा म्हणजे थाट हवा, निदान नावात. मधल्या लांबट जेवणघराच्या दोन्ही बाजूंना ओळीनं कप्पे, प्रत्येकात वर-खाली दोन फळ्यांचे बिछाने, आणि या कप्प्यांना नाव स्टेटरूम. चार्ल्स डिकन्स जानेवारी १८४२ मध्ये ‘ब्रिटानिया’ या आगबोटीनं लिव्हरपूलहून बायकोबरोबर निघाला, तेव्हा आपल्या नावाची चिठ्ठी लावलेली स्टेटरूम पाहून तो चाटच पडला. कंपनीच्या कचेरीत टांगलेल्या रंगीत चित्रातली ऐसपैस खोली ती हीच, यावर त्याचा विश्वास बसेना. अमेरिका प्रवासाच्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण त्यानं या खोलीच्या टवाळीनंच भरलं आहे.

पण ज्या खोलीची डिकन्सनं टवाळी केली, तिच्यात एक गोष्ट होती जी चौदाव्या लुईकडे नव्हती. दाराला आतून कडी होती.

ही कडी किती उपयोगाची, हे ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून ‘क्लाइड’ बोटीनं निघालेल्या अठरा वर्षांच्या एका मुलानं अनुभवलं. मोहनदास गांधींची जागा जुनागडचे वकील त्र्यंबकराय मजमुदार यांच्या खोलीत होती. इंग्रजी बोलायची भीती, काटे-चमचे धरायची लाज आणि कुठल्या पदार्थात मांस आहे हे विचारायचा संकोच. तेव्हा जेवणघर टाळून गांधी खोलीतच बसत आणि घरून आणलेली मिठाई न् फळं खात. मजमुदार मोकळेपणानं सगळ्यांत मिसळत आणि यालाही बाहेर पड म्हणून सांगत. पण हा डेकवर जायचा तो माणसं पांगल्यावर. आत्मकथेत हे सारं आलं आहे.

मुंबई-लंडन मार्गाच्या खोल्यांची खरी परीक्षा तांबड्या समुद्रात होई. लोखंडी बोट, वर सूर्य, खाली बॉयलर. तिथे स्टेटरूमची ऐट गळून पडे आणि पहिल्या वर्गाचे साहेबसुद्धा गाद्या उचलून डेकवर झोपायला जात. या उकाड्यातून एक दंतकथा निघाली, ती मराठी वर्तमानपत्रांतही अधूनमधून डोकं वर काढते. इंग्लंडहून येताना बोटीची डावी बाजू उत्तरेकडे म्हणून थंड, परत जाताना उजवी. श्रीमंतांच्या तिकिटांवर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ची आद्याक्षरं उमटत आणि त्यातून ‘पॉश’ शब्द आला, अशी ती कथा. बाजूंचा हिशेब बरोबर आहे. पण असा शिक्का मारलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही आणि कोशकार ही व्युत्पत्ती मानत नाहीत. खरा उपाय शोधला तो लिव्हरपूल-रंगून मार्गावरच्या बिबी कंपनीनं. आतल्या बाजूच्या खोलीला तिनं एक अरुंद बोळ जोडला, तो थेट बोटीच्या अंगापर्यंत नेला आणि त्याच्या टोकाला गोल खिडकी बसवली. अशा काटकोनी खोलीला आजही ‘बिबी केबिन’ म्हणतात. वाऱ्याची एक झुळूक आणि हातभर उजेड यासाठी माणसं जास्तीचं भाडं आनंदानं देत.

बोटीच्या गोल खिडकीचा मराठी माणसाला सगळ्यांत ठाऊक असलेला प्रसंग मात्र वाऱ्यासाठी घडला नाही. १ जुलै १९१० रोजी विनायक दामोदर सावरकरांना ‘मोरिया’ बोटीवर चढवून हिंदुस्थानकडे रवाना करण्यात आलं. पहाऱ्याची माणसं झोपतानाही सोबत. ८ जुलैला बोट मार्सेलिस बंदरात उभी असताना शौचकूपाच्या खिडकीतून त्यांनी समुद्रात उडी घेतली, पोहत धक्का गाठला आणि फ्रेंच शिपायानं त्यांना परत इंग्रजांच्या हवाली केलं. हे प्रकरण हेगच्या लवादापर्यंत गेलं. सगळ्या बोटीवर या कैद्याला आतून लावता येईल असं एकच दार होतं, ते शौचकूपाचं.

‘मोरिया’ ही पी अँड ओ कंपनीच्या ‘म’नं सुरू होणाऱ्या दहा बोटींपैकी एक. या मालिकेतली शेवटची ‘मेदिना’. ती नवी कोरी असतानाच आरमारानं ताब्यात घेतली, तिला राजनौकेचा दर्जा दिला, पांढरा रंग फासला आणि निशाणं फडकवायला तिसरी डोलकाठी उभारली. प्रवाशांसाठी योजलेल्या जागेत पंचम जॉर्ज आणि राणी मेरी यांची दालनं झाली. ११ नोव्हेंबर १९११ रोजी ती पोर्ट्समथहून निघाली आणि २ डिसेंबरला राजाराणी अपोलो बंदरावर उतरली. तिथेच पुढे गेटवे ऑफ इंडिया उभं राहिलं. म्हणजे दीड वर्षाच्या आत एकाच मालिकेतल्या दोन बोटी इंग्लंडहून हिंदुस्थानकडे निघाल्या. एकीवर कैदी, दुसरीवर बादशहा. बादशहा उतरला तेव्हा कैदी अंदमानात कोठडीत होता. त्याला ४ जुलै १९११ रोजी तिथे नेऊन पोचवणाऱ्या बोटीचं नाव होतं ‘महाराजा’.

खऱ्या महाराजांनी मात्र कधीकधी अख्खा राजवाडाच बोटीवर चढवला. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी १९०२ साली जयपूरचे सवाई माधोसिंह मुंबईहून निघाले ते ‘ऑलिम्पिया’ ही नवी बोट पूर्ण भाड्यानं घेऊन. त्यांना अशीच बोट हवी होती जिच्या मुदपाकखान्यात कधी गोमांस शिजलेलं नाही. बोट धुतली गेली, देवघर मांडलं, गोपाळजींची मूर्ती बसवली, स्वयंपाकघरं वेगळी केली. आणि प्रवासभर पुरेल इतकं गंगाजल अवाढव्य चांदीच्या कलशांत भरून घेतलं. एकेक कलश माणसाच्या उंचीचा, ३४५ किलो वजनाचा. यांतले दोन आज जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये दिवाण-ए-खासच्या सभागृहात ठेवले आहेत, आणि गिनेस बुकात त्यांची नोंद जगातली सर्वांत मोठी चांदीची भांडी अशी आहे. समुद्रावर पिण्याचं पाणी नेणारं हे भांडं शेवटी राजवाड्याच्या मानाच्या दालनात जाऊन बसलं. ‘स्टेटरूम’ शब्दाच्या नेमका उलटा हा प्रवास.

आता ज्यांनी या खोल्यांतले बिछाने घातले त्यांच्याकडे वळायला हवं. पी अँड ओच्या बोटींवर कामाची विभागणी ठरलेली होती. डेकवर सारंग आणि तांडेल यांच्या हाताखाली रत्नागिरी, गुजरातकडचे खलाशी, इंजिनखोलीत पंजाबकडचे आगवाले, आणि जेवणघर नि उतारूंच्या खोल्या सांभाळायला गोव्याचे ख्रिस्ती. गोव्यात बोटीवर काम करणाऱ्याला ‘तारवटी’ म्हणतात. सकाळचा चहा खोलीत नेणं, बुटांना पॉलिश, चादरी बदलणं, समुद्र लागलेल्या बाईसाठी तसराळं धरणं, हे सगळं तारवट्यांकडे. दाराची कडी आतून उतारूची, पण बाहेरून टकटक करायचा अधिकार त्यांचा.

यांची स्वतःची झोप कुठे? १८९४ च्या इंग्रजी कायद्यात प्रत्येक खलाशामागे निदान ७२ घनफूट जागा सांगितली होती. हिंदी कायद्यात हिंदी खलाशाला त्याच्या निम्मी, ३६ घनफूट. हिशेब करून पाहावा: लांबी सहा फूट, रुंदी दोन फूट, उंची तीन फूट. यात माणूस आडवा होतो, उठून बसला तर डोकं आपटतं.

आणि बोटीवरून उतरल्यावर मुंबईत? धोबी तलाव, कावेल, माझगाव या भागांत गोव्याच्या गावोगावच्या लोकांनी आपापली ‘कूड’ उभारली होती. कोकणीत कूड म्हणजे खोली. एका गावाची एक कूड. भिंतीलगत ट्रंकांची रांग, प्रत्येकावर मालकाचं नाव, समोर गावच्या पवित्र संताची वेदी. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायचा, रात्री आपापल्या ट्रंकेपुढे चटई अंथरायची. दुसरी बोट मिळेपर्यंत मुक्काम इथेच. साहेबाच्या स्टेटरूममध्ये महिनोन्‌महिने वावरलेल्या माणसाची मुंबईतली सगळी खासगी मालमत्ता त्या ट्रंकेत मावायची. गावागावानं मिळून चालवलेल्या या खोल्यांनी गोव्याच्या कित्येक घरांवर कौलं चढवली, हे विसरून चालणार नाही. काही कूड अजून चालू आहेत.

इकडे विसाव्या शतकात अटलांटिकवरच्या कंपन्यांना राजवाड्याचं वेडच लागलं. पॅरिसच्या रिट्झ हॉटेलचा वास्तुकार शार्ल मेवेस जर्मन बोटी सजवू लागला आणि त्याचा भागीदार आर्थर डेव्हिस इंग्लिश ‘ॲक्विटानिया’. बोट बोटीसारखी का दिसू नये, असं डेव्हिसनं विचारलं तेव्हा त्याला उत्तर मिळालं की आपण बोटीवर आहोत हे विसरायलाच उतारूंना हवं असतं. ‘टायटॅनिक’वर सोळाव्या लुईच्या धाटणीच्या खोल्या होत्या आणि दोन खास दालनांना स्वतःचा खासगी डेक. तिसऱ्या वर्गाच्या सातशेवर उतारूंना मिळून न्हाणीचे टब होते दोन. १९३५ साली निघालेल्या फ्रेंच ‘नॉर्मंडी’चं जेवणघर ३०५ फूट लांब, म्हणजे व्हर्सायच्या प्रसिद्ध आरसेमहालापेक्षा लांब. त्यातली खासगी दालनं आलिशान होतीच, पण लोक लक्षात ठेवतात ते जेवणघर, आणि जेवणघरात उतरणारा तो जिना, ज्यावरून येताना सगळ्यांनी आपल्याकडे पाहावं. चौदाव्या लुईची जुनी खोड अशी तिकिटावर विकली जाऊ लागली.

मुंबई मार्गावरचा या थाटाचा नमुना म्हणजे १९२९ ची ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’. पी अँड ओचे प्रमुख लॉर्ड इंचकेप यांची मुलगी एल्सी मॅके हिनं तिची सजावट योजली. धूम्रपानाची खोली तर एखाद्या जुन्या गढीतल्या सरदारी दालनासारखी, उघड्या तुळया, मोठी शेकोटी आणि भिंतीवर तलवारी. बोट पाण्यात उतरलेली पाहायला एल्सी नव्हती. मार्च १९२८ मध्ये विमानानं अटलांटिक ओलांडण्याच्या प्रयत्नात ती बेपत्ता झाली. पण या बोटीची खरी नवलाई त्या गढीत नव्हती. तिच्या पहिल्या वर्गात प्रत्येक उतारूला एकट्याची खोली होती. अनोळखी माणसाच्या घोरण्यापासून सुटका, ही मखमलीपेक्षा मोठी चैन होती.

४ ऑक्टोबर १९३० रोजी याच बोटीनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर पहिल्या गोलमेज परिषदेसाठी मुंबईहून निघाले. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई त्यांचा प्रतिनिधी सरदारी थाटाच्या या बोटीतून सम्राटाच्या राजधानीकडे चालला होता. पुढच्या वर्षी, २९ ऑगस्टला, गांधीजी दुसऱ्या परिषदेला निघाले ते ‘राजपुताना’ बोटीनं, दुसऱ्या वर्गाच्या तिकिटावर. बरोबरच्या मंडळींनी नको इतकं सामान घेतलेलं पाहून ते संतापले आणि जास्तीच्या ट्रंका त्यांनी एडनहून परत धाडल्या. खोली होती, पण गांधीजी झोपायचे डेकवर, उघड्यावर. ‘क्लाइड’च्या खोलीत दडून मिठाई खाणाऱ्या मुलाला आता दार लावायची गरज उरली नव्हती.

कोकणच्या उतारूला दार लावायचा प्रश्न कधी पडलाच नाही. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटीवर खोल्या असत, पण चाकरमान्याचा संबंध डेकशी. चढताक्षणी धावत जाऊन वळकटी पसरायची म्हणजे जागा आपली, मग शेजारच्याशी भांडण, मग ओळख, मग डब्यातल्या घावनांची देवघेव. बंदर आलं की पडावात उडी. कोकणबोटीच्या आठवणी सांगणाऱ्या पिढीच्या तोंडी ‘स्टेटरूम’ हा शब्द नाही, ‘केबिन’ हा आहे, आणि त्याचाही मराठीत प्रवास वेगळाच झाला. इंग्रजीत केबिन म्हणजे मुळात झोपडी. मराठीत ती झाली साहेबाची काचेची खोली, जिच्या दारावर टकटक करून आत जावं लागतं. राजाचा शब्द उतारूपर्यंत खाली आला आणि झोपडीचा शब्द साहेबापर्यंत वर चढला.

‘स्टेटरूम’चे दोन्ही अर्थ एकाच छताखाली पाहायचे असतील तर एडिंबराच्या लीथ बंदरात उभी असलेली ‘ब्रिटानिया’ पाहावी. दुसऱ्या एलिझाबेथची ही राजनौका १९५४ पासून १९९७ पर्यंत सेवेत होती. तिच्यातलं शाही भोजनगृह राष्ट्रप्रमुखांसाठी, सगळ्या बोटीतली सर्वांत मोठी खोली. राणीचं शेजघर मात्र साधं, एकट्याच्या अरुंद पलंगाचं. तिसऱ्या विल्यमनं हॅम्प्टन कोर्टात केलेली वाटणी अडीचशे वर्षांनी पाण्यावर जशीच्या तशी.

आजच्या क्रूझ बोटींवर स्टेटरूम हे झोपायच्या कुठल्याही खोलीचं नाव आहे. मुंबई बंदरातून गोव्याकडे वा लक्षद्वीपकडे जाणाऱ्या बोटींच्या दरपत्रकात सर्वांत कमी भाडं असतं ते आतल्या बाजूच्या, बिनखिडकीच्या खोलीला. तिथे दिवस आणि रात्र दिव्याच्या बटणावर ठरते. ‘डिस्ने ड्रीम’ या बोटीनं २०११ साली अशा खोल्यांत भिंतीवर गोल पडदा बसवून बाहेरच्या कॅमेऱ्यातला समुद्र त्यावर दाखवायला सुरुवात केली. तेव्हा तिकीट काढताना खोलीच्या नावाला भुलू नये. खिडकी आहे का, ती उघडते का, एवढं आधी विचारून घ्यावं.